जुना आवाज, नवी तबकडी

श्रोतेहो, ज्यांच्या घरी किंवा गावातल्या एखाद्या वाड्यात एके काळी चावीचा फोनो होता, त्यांना तबकडी म्हणजे काय हे सांगायला नको. काळीभोर, चकचकीत, हात लावला तर वडीलधारी माणसे ओरडतील अशी ती वस्तू! पुढे कॅसेट आली, कॅसेटमागून सीडी आली, आणि मग गाणे खिशातल्या फोनमध्ये जाऊन बसले. तबकडी माळ्यावर गेली. तिचे दिवस संपले असे सगळ्यांनीच धरून चालले होते.

पण झाले उलटेच. अमेरिकेत २०२० साली तबकड्यांच्या विक्रीची रक्कम सीडीच्या विक्रीपेक्षा जास्त भरली. १९८६ नंतर असे प्रथमच घडत होते. २०२२ साली तर नगांच्या हिशेबानेही तबकडी पुढे गेली. त्या वर्षी तिथे सुमारे ४ कोटी १० लाख तबकड्या विकल्या गेल्या, आणि सीडी विकल्या गेल्या सुमारे ३ कोटी ३० लाख. आता तुम्ही म्हणाल, लोक एवढ्या तबकड्या घेतात तरी कशाच्या? काही नव्या गायकांच्या असतात. पण पुष्कळशा पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या गाण्यांच्या, पुन्हा नव्याने काढलेल्या असतात. ग्रंथाची जशी दुसरी, तिसरी, दहावी आवृत्ती निघते, तशी ही तबकडीची आवृत्ती. या आवृत्त्या जपून गोळा करणारा मोठा वर्ग आज जगभर आहे, आणि त्यांच्या कपाटात एका संगीताला मानाची जागा असते. त्याचे नाव ‘सोल’.

या सोल संगीताची आणि त्याच्या नव्या-जुन्या तबकड्यांची हकीकत आज आपण पाहणार आहोत. हकीकत अमेरिकेची आहे, पण तिच्या पोटात जो प्रश्न आहे तो आपल्याही उंबऱ्यातला आहे. माणूस गातो, त्याचा आवाज तबकडीवर उतरतो, माणूस एक दिवस निघून जातो आणि आवाज मागे राहतो. मग तो आवाज कोणाचा? गाणाऱ्याचा, कंपनीचा, की ज्याने तबकडी विकत घेतली त्याचा?

सोल या शब्दाचा अर्थ आत्मा. अमेरिकेच्या दक्षिण भागात कापसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी आफ्रिकेतून माणसे धरून नेली होती. ती गुलामगिरी कायद्याने १८६५ साली संपली, पण अपमान संपला नाही. शाळा वेगळी, पाणपोई वेगळी, बसमधली जागा वेगळी. या लोकांचे हक्काचे ठिकाण एकच होते, ते म्हणजे त्यांचे देऊळ, त्यांचे चर्च. तिथे पाद्रीबुवांनी एक ओळ म्हणावी आणि सगळ्या मंडळीने ती उचलून धरावी. आपल्याकडे कीर्तनात बुवांनी चरण टाकला की मागचे टाळकरी तो झेलतात ना, अगदी तसे. या भक्तिगीतांच्या चालीला आणि आवेगाला १९५० नंतरच्या काळात काही गायकांनी देवळाबाहेर आणले. आंधळे गायक रे चार्ल्स यांनी १९५४ साली भजनाच्या वळणाच्या चालीवर प्रेमाचे गाणे गायिले, तेव्हा भाविक मंडळी नाराज झाली. सॅम कुक हा भजनी मेळ्यातला नावाजलेला गायक १९५७ साली मेळा सोडून बाहेर पडला. असे करता करता भक्तीचा आवेग आणि संसाराचे सुखदुःख यांचे जे मिश्रण झाले, त्याला सोल हे नाव पडले.

त्याच सुमारास तबकडीही बदलत होती. जुन्या तबकड्या लाखेच्या असत. झाडावरच्या किड्यापासून मिळणारी ही लाख मोठ्या प्रमाणावर आपल्याच देशातून, छोटा नागपूरच्या जंगलांतून जाई. म्हणजे न्यूयॉर्कच्या गवयाचा आवाज आपल्या जंगलातल्या लाखेवर कोरला जात होता! ही तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई, तीन-चार मिनिटांत संपे, आणि हातून पडली की तुकडे. १९४८ साली अमेरिकेतल्या कोलंबिया कंपनीने व्हिनाइल नावाच्या प्लास्टिकची तबकडी काढली. ती मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे घेई आणि एका बाजूस वीसबावीस मिनिटे चाले. तिला लाँग प्ले म्हणू लागले. पुढच्याच वर्षी आर. सी. ए. या प्रतिस्पर्धी कंपनीने ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी आणली. छोट्या तबकडीवर एक गाणे, मोठीवर दहाबारा गाण्यांचा संच, म्हणजे अल्बम. सोल संगीताचा सारा संसार या दोन तबकड्यांवर उभा राहिला.

आता एका घराची गोष्ट सांगतो. टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात जिम स्टुअर्ट नावाचा एक गोरा गृहस्थ बँकेत नोकरी करी आणि हौसेने फिडल वाजवी. त्याने १९५७ साली गाण्यांच्या तबकड्या काढायचे एक छोटे दुकान मांडले. ध्वनिमुद्रणाचे यंत्र घ्यायला पैसे नव्हते, म्हणून त्याच्या थोरल्या बहिणीने, एस्टेल ॲक्सटन बाईंनी, राहते घर गहाण टाकले. १९६० साली या भावंडांनी मॅकलेमोर रस्त्यावरचे बंद पडलेले एक सिनेमागृह भाड्याने घेतले. खुर्च्या काढल्या, पण प्रेक्षकांसाठी केलेली उतरती जमीन तशीच राहिली, कारण ती सपाट करायला पैसे कुठले! सिनेमाच्या मध्यंतरात जिथे गोळ्या-चॉकलेट विकत, तिथे बाईंनी तबकड्यांचे दुकान थाटले. दोघांच्या आडनावांतली दोन-दोन अक्षरे घेऊन १९६१ साली कंपनीचे नाव ठेवले ‘स्टॅक्स’.

या घराचे मोल कशात होते पाहा. बाहेर मेम्फिस शहरात काळ्या-गोऱ्यांनी एका टेबलाशी बसून जेवणे कठीण होते. आत मात्र दोन काळे आणि दोन गोरे मिळून एक वाद्यवृंद रोज वाजवीत होता. ऑर्गनवर बुकर टी. जोन्स, गिटारवर स्टीव्ह क्रॉपर, ढोलांवर अल जॅक्सन, आणि पुढे मंद्र गिटारवर डोनाल्ड डन. १९६२ साली त्यांनी वाजवलेली ‘ग्रीन अनियन्स’ ही धून देशभर गाजली. शेजारच्या वस्तीतली मुले बाईंच्या दुकानात येत, नव्या तबकड्या ऐकत, आणि ‘यातले काय आवडले, काय नाही’ ते बाईंना सांगत. श्रोता आणि कलावंत एका छपराखाली होते.

१९६२ सालीच एका वाद्यवृंदाची गाडी चालवत एक तरुण तिथे आला. दिवस संपत आला, थोडा वेळ उरला होता, म्हणून त्यालाही एक गाणे म्हणू दिले. त्याचे नाव ओटिस रेडिंग. त्या उरलेल्या वेळातून सोल संगीताचा एक थोर गायक मिळाला. १९६५ च्या जुलै महिन्यात त्याने ‘ओटिस ब्लू’ हा अल्बम जवळजवळ एका दिवस-रात्रीत मुद्रित केला. वादक रात्री शहरातल्या कार्यक्रमांना वाजवायला गेले आणि परत येऊन पुन्हा बसले. आज त्या अल्बमची नवी आवृत्ती निघाली की संग्राहक ती हटकून घेतात. घाईची कुठे खूण नाही, उलट साऱ्यांनी एका श्वासात गायिल्यासारखे वाटते.

१० डिसेंबर १९६७ रोजी विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन गावाजवळच्या थंडगार सरोवरात ओटिस रेडिंगचे छोटे विमान कोसळले. तो अवघा २६ वर्षांचा होता. बरोबर बार-केज या तरुण वादकांच्या मेळ्यातली बहुतेक मुले गेली. त्या विमानातला एकच वादक वाचला. तीनच दिवस आधी रेडिंगने बंदराच्या धक्क्यावर बसलेल्या एकाकी माणसाचे एक गाणे मुद्रित केले होते. सहकारी क्रॉपर याने शोक आवरून त्या गाण्यात लाटांचे आणि समुद्रपक्ष्यांचे आवाज मिसळले आणि ते पुरे केले. १९६८ च्या जानेवारीत ते बाहेर आले आणि अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. गायकाच्या मृत्यूनंतर असा मान मिळालेले ते पहिले गाणे.

दुःख एकटे येत नाही म्हणतात. स्टॅक्सच्या तबकड्या देशभर पोचवण्याचे काम न्यूयॉर्कची अटलांटिक कंपनी करीत असे. आधी नुसता शब्दावर व्यवहार होता. १९६५ साली त्याचा करारनामा झाला. जिम स्टुअर्टने विश्वासाने, बारकाईने न वाचता, त्यावर सही केली. १९६७ साली अटलांटिक कंपनी दुसऱ्या बड्या कंपनीला विकली गेली, तेव्हा करार पुन्हा उघडून पाहिला. पाहतात तो काय, अटलांटिकने वितरित केलेल्या सर्व गाण्यांच्या मूळ फितींची मालकी करारानुसार अटलांटिकची झालेली! त्यात ओटिस रेडिंगची गाणीही आली. ज्या उतरत्या जमिनीवर ती गायिली गेली, त्या घराचा त्यांच्यावर काही हक्क उरला नाही. शिक्षक मित्रहो, सही करण्यापूर्वी कागद वाचावा, हा धडा आपण मुलांना सावकाराच्या गोष्टीतून देतो. ही गोष्टही सांगायला हरकत नाही.

१९६८ चे ते वर्ष मेम्फिसला फारच जड गेले. फेब्रुवारीत कचरा वाहणाऱ्या गाडीच्या दाबयंत्रात सापडून दोन काळे कामगार मरण पावले, आणि शहरातल्या सुमारे १३०० सफाई कामगारांनी संप पुकारला. त्यांना पाठिंबा देण्यासाठी मार्टिन ल्यूथर किंग मेम्फिसला आले. हे तेच किंग, जे १९५९ साली भारतात आले होते आणि मुंबईत मणिभवनात, गांधीजींच्या जुन्या मुक्कामी, राहिले होते. मेम्फिसमध्ये ते लॉरेन मोटेल नावाच्या उतारशाळेत उतरले. हे मोटेल काळ्या-गोऱ्या दोघांनाही जागा देणारे, त्यामुळे स्टॅक्सच्या कलावंतांचे ते नेहमीचे ठिकाण होते. तिथल्या खोल्यांत बसून त्यांनी काही गाजलेली गाणी रचली होती. त्याच मोटेलच्या सज्जात ४ एप्रिल १९६८ रोजी किंग यांना गोळी घालण्यात आली. ज्या भिंतींनी काळ्या-गोऱ्यांना एकत्र गाणी रचताना पाहिले, त्यांनी हेही पाहिले. पुढे १९९१ साली त्या जागी नागरी हक्कांचे संग्रहालय झाले.

हातातली सारी जुनी गाणी गेलेल्या स्टॅक्सने मग काय करावे? त्यांनी कंबर कसली. अल बेल या काळ्या व्यवस्थापकाच्या पुढाकाराने १९६९ साली एका दमात २७ अल्बम काढले. त्यांतल्या आयझॅक हेज याच्या अल्बमवर मोजून चार गाणी होती आणि एक तर अठरा मिनिटांहून लांब. तीन मिनिटांच्या गाण्याला चटावलेल्या लोकांनी ते डोक्यावर घेतले. २० ऑगस्ट १९७२ रोजी लॉस एंजेलिसच्या भव्य क्रीडागारात स्टॅक्सने जलसा केला. तिकीट एक डॉलर, आणि माणसे एक लाखाहून अधिक. पण धंद्याची गणिते चुकली, कर्ज वाढले, आणि १९७५ च्या डिसेंबरात कंपनीचे दिवाळे निघाले. उरलेल्या फिती १९७७ साली कॅलिफोर्नियाच्या फँटसी कंपनीकडे गेल्या आणि २००४ साली ती कंपनी काँकॉर्ड या कंपनीने घेतली. मूळ इमारत १९८९ साली पाडून टाकली. मग लोकांना चुटपुट लागली. २००३ साली त्याच जागेवर संग्रहालय उभारले आणि ध्वनिमुद्रणाच्या खोलीची जमीन मुद्दाम पूर्वीसारखी उतरती केली.

म्हणून आज एखादा संग्राहक स्टॅक्सची जुनी तबकडी नव्या आवृत्तीत घेतो, तेव्हा वेष्टनाच्या मागे बारीक अक्षरांत त्याला हा सगळा इतिहास वाचता येतो. १९६८ पूर्वीची असेल तर मालक एक, नंतरची असेल तर मालक दुसरा. घर एकच, पण वाटण्या झालेल्या.

दुसरे मोठे घर उत्तरेकडे, मोटारींच्या डेट्रॉइट शहरात होते. बेरी गॉर्डी हा तरुण मोटारीच्या कारखान्यात पट्ट्यावर काम केलेला. त्याने १९५९ साली घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन मोटाउन कंपनी काढली आणि एका साध्या घरातून शेकडो गाणी बाहेर पाठवली. गायकांची नावे जगभर झाली, पण साथीला बसणाऱ्या वादकांचे नाव तबकडीवर येत नसे. आपसात त्यांना ‘फंक ब्रदर्स’ म्हणत. १९७१ साली मार्विन गे याने युद्धावर आणि गरिबीवर गाणी असलेला ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ हा अल्बम केला. मालकाला तो आधी पसंत नव्हता. त्या अल्बमच्या वेष्टनावर मोटाउनने या वादकांना प्रथम श्रेय दिले. म्हणजे बारा वर्षे ज्यांच्या बोटांवर साऱ्या जगाने ठेका धरला, ती माणसे तोवर निनावीच होती. आजच्या चांगल्या आवृत्त्यांची एक सेवा हीच की, त्या सोबत पुस्तिका देतात आणि कोण काय वाजवीत होते ते छापतात.

इथे आपल्याकडची एक आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांच्या पहिल्या तबकड्या मुद्रित झाल्या. गाणे संपल्यावर त्या स्वतःचे नाव उच्चारून सांगत. परदेशातल्या कारखान्यात तबकडीवर नावाचा कागद कोणता चिकटवायचा, हे तिथल्या माणसांना कळावे एवढाच त्याचा हेतू. पण परिणाम असा झाला की, कागद फाटला तरी नाव आवाजातच राहिले!

आता ही नवी आवृत्ती तयार कशी होते ते थोडक्यात पाहू. मूळ गाणे चुंबकीय फितीवर असते. ती फीत यंत्रावर चालवतात, आणि तिच्या आवाजानुसार एक सुई मऊ लेप दिलेल्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर खाच कोरत जाते. लाँग प्लेच्या एका बाजूची खाच सरळ केली तर ती चारशे मीटरच्या वर भरेल. या चकतीवर चांदीचा थर देऊन वर निकेल चढवतात, ते सोलून काढतात आणि त्यावरून ठसे करतात. मग गरम व्हिनाइलचा गोळा दोन ठशांमध्ये दाबला की तबकडी तयार. चक्कीत जसे धान्य तसे पीठ, हा इथला नियम. मूळ फीत चांगली असेल आणि कोरणारा जाणता असेल तर जुना गायक समोर बसल्यासारखा वाटतो. फितीच्या नकलेची नक्कल घेतली तर तबकडी कितीही जाड असो, आवाज मरतुकडाच.

आणि फिती तरी सगळ्या कुठे उरल्या आहेत? फेब्रुवारी १९७८ मध्ये न्यू जर्सी राज्यात लाँग ब्रांच येथे अटलांटिक कंपनीच्या गोदामाला आग लागली. प्रसिद्ध झालेल्या गाण्यांच्या मुख्य फिती बहुतांशी दुसरीकडे होत्या म्हणून वाचल्या, पण कधीच प्रसिद्ध न झालेली गाणी आणि तालमींच्या हजारो फिती जळाल्या. १ जून २००८ रोजी हॉलिवुडमध्ये युनिव्हर्सल कंपनीच्या आवारात आग लागली. त्या वेळी फारसे नुकसान नाही असे सांगितले गेले. २०१९ साली न्यूयॉर्क टाइम्स या दैनिकाने ही हानी प्रचंड असल्याची बातमी दिली, कंपनीने तो आकडा फुगवलेला आहे असे म्हटले. आकडा काहीही असो, जळलेली फीत परत येत नाही एवढे खरे. २०२० च्या फेब्रुवारीत तर कोरण्यासाठी लागणाऱ्या त्या लेपाच्या चकत्या करणारा कॅलिफोर्नियातला कारखानाच जळाला. असे कारखाने जगात दोनच होते! दुसरा जपानात आहे, त्याने वेळ निभावली.

जिथे मागणी तिथे लबाडी ही जगाची रीत. एके काळी एकाच कर्ण्यासाठी मुद्रित केलेल्या गाण्यांना यंत्राने दोन भागांत फोडून ‘स्टिरिओ’ म्हणून विकत. १९७३ च्या तेलटंचाईच्या सुमारास व्हिनाइल महागले, तेव्हा तबकड्या पातळ झाल्या आणि जुन्या तबकड्या दळून त्याच मालातून नव्या केल्या जाऊ लागल्या. अलीकडे, २०२२ साली, अमेरिकेतल्या एका नामांकित कंपनीच्या महागड्या आवृत्त्यांबद्दल असे उघडकीस आले की, मूळ फितीवरून थेट कोरल्याचा लोकांचा समज असताना मध्ये संगणकाची पायरी होती. गंमत म्हणजे कित्येक जाणकारांच्या कानांना तो फरक कळलाच नव्हता. तरी लोक कोर्टात गेले आणि कंपनीला तडजोड करावी लागली. माल चांगला होता हे खरे, पण ग्राहकाला खरे सांगायला हवे होते.

संग्राहक मंडळींना हसणारेही पुष्कळ आहेत. पण या वेडाने काय साधले ते पाहा. १९७० च्या सुमारास उत्तर इंग्लंडमधल्या गिरणी आणि कारखान्यांच्या गावांत तरुण कामगार रात्ररात्र सोलच्या तबकड्यांवर नाचत. त्यांना गाजलेली गाणी नको असत, अमेरिकेत पडून राहिलेली, कोणी न घेतलेली हवी असत. विगन गावातला त्यांचा अड्डा १९७३ ते १९८१ पर्यंत चालला. फ्रँक विल्सन या गायकाची १९६५ सालची एक छोटी तबकडी मोटाउनने बाजारात आणलीच नाही, जवळजवळ सगळ्या प्रती नष्ट केल्या. मूठभर उरल्या. त्यांतली एक २००९ साली २५ हजार पौंडांहून जास्त किमतीला विकली गेली. पण तेच गाणे १९७९ साली इंग्लंडमध्ये नव्या आवृत्तीत निघाले होते, आणि साध्या माणसाला साध्या किमतीत मिळाले होते. जुनी प्रत ही दौलत, नवी आवृत्ती ही शिदोरी. मला विचाराल तर शिदोरीचे महत्त्व अधिक.

शिकागो शहरात २००३ साली न्यूमेरो नावाची एक छोटी कंपनी निघाली. तिने गावोगावच्या बुडालेल्या लहान कंपन्यांचा माग काढायला सुरुवात केली. ओहायो राज्यातल्या कॅपसोल या विस्मृत कंपनीच्या गाण्यांचा संच हे तिचे पहिले प्रकाशन, २००४ सालचे. म्हातारे झालेले गायक शोधायचे, त्यांच्याशी नीट करार करायचा, त्यांची छायाचित्रे आणि हकीकत छापायची. आपल्याकडे एखादा संशोधक बाडे शोधत गावोगाव हिंडतो, तसेच हे काम.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. नव्या आवृत्तीचे पैसे जातात कोणाकडे? रूथ ब्राउन या गायिकेने १९४९ पासून अटलांटिक कंपनीसाठी इतकी गाजलेली गाणी दिली की, कंपनीची इमारत रूथने बांधली असे लोक म्हणत. पुढे दिवस फिरले. या बाईंनी शाळेची बस चालवली, लोकांच्या घरी कामे केली. इकडे त्यांच्या तबकड्या पुन्हा पुन्हा निघत होत्या, आणि कंपनीच्या वहीत मात्र बाईंकडेच येणे दाखवले होते! कारण मुद्रणाचा खर्च गायकाच्या नावावर मांडायचा, अशी तेव्हाची पद्धत. बाई गप्प बसल्या नाहीत. वकिलाच्या मदतीने त्या वर्षानुवर्षे झगडल्या. अखेर १९८८ साली कंपनीने त्यांची आणि त्यांच्यासारख्या अनेक जुन्या कलावंतांची खोटी देणी पुसून टाकली, मागची थकबाकी दिली, आणि वृद्ध कलावंतांच्या साहाय्यासाठी एका प्रतिष्ठानाला आरंभीचा निधीही दिला.

रेडिओचेही एक उदाहरण देतो, कारण आपण रेडिओची माणसे. ‘रिस्पेक्ट’, म्हणजे ‘मान’, हे गाणे ओटिस रेडिंगने १९६५ साली लिहिले आणि गायिले. १९६७ साली अरीथा फ्रँकलिन हिने ते बाईच्या तोंडी घातले, आणि ते साऱ्या अमेरिकेतल्या स्त्रियांचे आणि काळ्या समाजाचे गाणे झाले. पण अमेरिकेच्या कायद्यानुसार साध्या रेडिओवर तबकडी लागली की मानधन गाणे रचणाऱ्याला मिळते, गाणाऱ्याला नाही. म्हणजे अरीथाचा आवाज ऐकून लोक उठून उभे राहिले, पण रेडिओचा पैसा रचनाकाराच्या बाजूलाच गेला. नाव ‘मान’, आणि मानधनाच्या वहीत गायिका गैरहजर! आपल्या देशात २०१२ साली कॉपीराइटच्या कायद्यात दुरुस्ती होऊन गीतकार, संगीतकार यांचा हक्क अधिक पक्का झाला. तसा हक्क कागदावर आणायला प्रत्येक देशात कोणाला तरी झगडावे लागते.

तेव्हा वाचकहो, जुन्या गाण्याची नवी तबकडी हाती आली, मग ती कोणत्याही भाषेतली असो, तर तीन गोष्टी पाहाव्यात. ती कशावरून केली, मूळ फितीवरून की नकलेवरून, हे लिहिले आहे का? गाणाऱ्याबरोबर वाजवणाऱ्यांची नावे दिली आहेत का? आणि ज्यांचे गाणे, त्यांना किंवा त्यांच्या वारसांना त्यातले काही पोचते का? वेष्टनावर या गोष्टी नसतील तर प्रकाशकाला पत्र टाकून विचारावे. ग्राहकाने विचारले म्हणजे दुकानदार सुधारतो.

शिक्षक बंधुभगिनींना आणखी एक सांगणे. आपल्या गावांतही माळ्यावर जुन्या तबकड्या असतील. नाट्यपदे असतील, भजने असतील, लावण्या असतील, पोवाडे असतील. मुलांना घेऊन त्यांची यादी करा. तबकडी आडवी रचू नका, उभी ठेवा. उन्हापासून आणि धुळीपासून जपा. मधल्या कागदावर गायकाचे नाव आणि क्रमांक असतो, तो जसाच्या तसा उतरून घ्या. तबल्याला कोण, पेटीला कोण, हे कागदावर बहुधा नसते. ते सांगणारे एखादे आजोबा किंवा आजी अजून गावात असतील. त्यांना आजच विचारा आणि वहीत लिहून ठेवा, कारण आगीला गोदामच लागते असे नाही, एक म्हातारे माणूस गेले तरी पुष्कळ काही जाते. मेम्फिसच्या लोकांनी इमारत पाडली आणि चौदा वर्षांनी ती पुन्हा बांधली. त्यांच्याजवळ तेवढा पैसा होता. आपण पाडण्याआधीच जपलेले बरे.